विद्यार्थ्यांच्या आत्महत्या : मुलगे आणि मुली

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वाधिक महाराष्ट्रात. एकूण आत्महत्यांमध्ये दहांत सात पुरुष असतात; विद्यार्थ्यांत मात्र मुलगे निम्म्याहून थोडेच जास्त. म्हणजे शिकत्या वयात मुलीही जवळपास तितक्याच संकटात आहेत. जगात बहुतेक ठिकाणी आत्महत्येचे प्रयत्न मुलींमध्ये जास्त, मृत्यू मुलग्यांमध्ये. मुलगी रडून सांगते, तर घरचे ‘नाटकं करते’ म्हणतात. असं उडवून लावणं फार घातक आहे, कारण आधीचा प्रयत्न ही पुढच्या धोक्याची मोठी खूण असते. मुलगा मात्र सांगत नाही; तो मेसला जात नाही, लेक्चर बुडवतो, फोनवर ‘मी ठीक आहे’ एवढंच बोलतो. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ, मायेने विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.