जुन्या ट्रॅक्टरची ऑनलाइन खरेदी : जाहिरात आणि वस्तुस्थिती

सांगोल्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच सौद्याला बसतो. जुना ट्रॅक्टर घेतानाही आजवर हीच रीत होती. ओळखीचा मिस्त्री बरोबर नेला जाई, इंजिनाचा आवाज ऐकला जाई आणि विकणाऱ्याचे घरदारही ठाऊक असे. आता मोबाईलवर जाहिरात दिसते, पाठोपाठ विकणाऱ्याशी बोलणे होते आणि यंत्र दृष्टीस पडण्यापूर्वीच पैसे खात्यातून जातात. बनावट जाहिराती देणाऱ्यांचा सारा व्यवहार खरेदीदार आणि यंत्र यांच्यामधील या अंतरावरच उभा आहे.

अशा जाहिरातीचे पहिले लक्षण म्हणजे किंमत. बाजारात सहा लाखांना जाणारा ट्रॅक्टर सव्वादोन लाखांत देऊ केलेला असतो आणि त्याचे कारणही तयार असते. आपण सैन्यात असून दूर बदली झाली आहे, असे विकणारा सांगतो. ओळखपत्राचे व गणवेशातील छायाचित्र पाठवितो. सातारा जिल्ह्यासारख्या, सैन्यसेवेची परंपरा असलेल्या भागात गणवेशाविषयी जो आदर आहे, त्याचाच हा गैरवापर होय. कधी हीच व्यक्ती वित्तसंस्थेची प्रतिनिधी होते आणि हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेले ट्रॅक्टर स्वस्तात काढावयाचे आहेत, असे भासविते. मग प्रथम गेटपाससाठी लहानशी रक्कम, नंतर वाहतुकीचे भाडे, नंतर ‘परत मिळणारी’ अनामत, अशी मागणी वाढत जाते. आधी दिलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे पैसे देतो. ट्रकवर चढविलेल्या ट्रॅक्टरचे छायाचित्र आणि वाहतुकीची बिल्टी येते; ट्रॅक्टर मात्र येत नाही.

पडताळणी अवघड नाही. ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि केंद्र शासनाच्या एमपरिवहन ॲपवर तो तपासावा. वाहनाचा प्रकार, बनावट आणि नोंदणीचा दिनांक जाहिरातीशी जुळतो किंवा नाही, हे तेथे कळते. मात्र एवढ्यावर विसंबून चालणार नाही, कारण दुसऱ्याच्या खऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही जाहिरातीत वापरता येतो. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरील चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहणे, हीच खरी कसोटी. ते जाऊनच करावे लागते. स्वतः जाणे शक्य नसल्यास त्या तालुक्यातील पाहुण्यारावळ्यांपैकी कोणास पाठवावे. आपल्याकडे असा तालुका विरळाच, जेथे शेतकऱ्याचे कोणी नातलग नाही. यंत्र दाखविण्यास टाळाटाळ झाली, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

जमिनीच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा असतो, तसाच तो ट्रॅक्टरच्या नोंदणी प्रमाणपत्रावरही असतो. बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ आवश्यक ठरतो. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. वित्तसंस्थेच्या पत्राची खातरजमा तिच्या शाखेत जाऊन करावी, त्या पत्रावर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर नव्हे.

रोटाव्हेटर, नांगर अशा अवजारांना स्वतंत्र वाहन नोंदणी नसते. तेथे मूळ खरेदीचे बिल आणि यंत्रावरील अनुक्रमांक एवढाच आधार. अवजार अनुदानावर घेतलेले असेल, तर योजनेच्या अटी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

फसतो तो केवळ घेणाराच नव्हे. आपले जुने मळणीयंत्र विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यास ‘ग्राहक’ न पाहताच किंमत मान्य करतो, क्यूआर कोड पाठवितो आणि पैसे जमा होण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात एवढे एक वाक्य समजावून सांगितले, तरी ते पुष्कळ घरांत पोहोचेल.

फसवणूक झाल्यास पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळविल्यास, पुढे वळविली न गेलेली रक्कम बँकांमार्फत रोखून धरता येण्याची शक्यता असते. लोकलज्जेमुळे हा वेळ वाया जातो. घरच्यांनाही न सांगता दोन-दोन दिवस गप्प बसणारे असतात. अशांना सरपंच वा ग्रामसेवकाने धीर देऊन तक्रार करावयास लावणे अगत्याचे आहे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा मोबाईल क्रमांक आणि जाहिरातीची प्रत जवळ ठेवावी. झालेले संभाषण पुसून टाकू नये. तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगून शुल्क मागणारा दूरध्वनीही येऊ शकतो. १९३० वर तक्रार नोंदविण्यास कोणतेही शुल्क नाही.