सलाईनमधला मासा

आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं की नातेवाईक हमखास विचारतात, ‘पोटात काहीच नाही, मग ताकद कुठून येणार?’ उत्तर स्टँडला टांगलेलं असतं. ग्लुकोज, अमायनो आम्लं आणि दुधासारखं पांढरं तेल. नुसतं तेल शिरेत सोडलं तर जिवावर बेतेल. म्हणून अंड्याच्या बलकातलं स्निग्ध द्रव्य घालून ते इतकं बारीक फेटतात, की त्याचा थेंब तांबड्या पेशीहूनही लहान होतो. वर तवंग दिसला तर ती बाटली लावायची नाही, हा वॉर्डातला नियम.

हे फेटणं जमवलं स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी अमेरिकेत सरकीच्या तेलाचा प्रयोग ताप आणि काविळीपायी अंगलट आला होता. व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल घेतलं, आणि अमेरिकेत पुढे वर्षानुवर्षं सोयाबीनचंच राज्य राहिलं.

गोम वेगळीच होती. ज्या बाळांचं बरंचसं आतडं कापावं लागलं, ती महिनोन्‌महिने या पोषणावर जगत, आणि उरलेलं आतडं सावरेपर्यंत यकृतच हात टेकायचं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. सोयाबीन तेलातल्या वनस्पतिजन्य स्टेरॉलांवर संशय होता, पण दुसरं काय द्यायचं?

रस्ता सापडला तो भलत्याच अडचणीतून. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या फार्मासिस्ट कॅथलीन गुरा यांच्यापुढे सोयाबीनची अ‍ॅलर्जी असलेला एक किशोरवयीन रुग्ण होता, आणि अमेरिकेत मिळणाऱ्या बाटल्यांत सोया होतंच. शोधाशोध करताना युरोपात विकली जाणारी, माशाच्या तेलाची ओमेगावेन हाती लागली. तिकडे ती इतर तेलांना थोडी जोड म्हणून देत. गुरा यांनी दुसरं कुठलंच तेल न देता फक्त तीच दिली. माशाच्या तेलात लिनोलिक आम्ल कमी, त्यामुळे आवश्यक स्निग्धाम्लांचा तुटवडा पडेल, अशी धास्ती होती. झालं उलटंच: त्या रुग्णाचा तुटवडा भरून निघाला.

त्याच इस्पितळात सर्जन मार्क पुडर उंदरांवर काम करत होते. चरबीविना पोसलेल्या उंदरांची यकृतं चरबीनं भरत, माशाचं तेल शिरेतून दिलं की शाबूत राहत. 2004मध्ये दोघांनी मिळून ते एका बाळाला दिलं. औषधाला अमेरिकेत मान्यता नव्हती, त्यामुळे प्रत्येक बाळासाठी एफडीएकडे वेगळा अर्ज, वेगळी परवानगी, मग बाटल्या परदेशातून. 2006मध्ये अशा दोन बाळांची हकीकत ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये छापून आली. साचलेलं पित्त ओसरलं होतं. मग देशभरातून विचारणा सुरू झाली.

इथे मला शंकेखोरांची बाजूही पटते. सोयाबीन तेल रोज किलोमागे 3 ग्रॅमपर्यंत दिलं जाई, माशाचं तेल फक्त 1 ग्रॅम. मग गुण माशाचा की कमी तेलाचा? चाचणी हवी होती, पण जे मूल काविळीनं खंगतंय, त्याला चिठ्ठी टाकून जुनंच तेल द्यायला मन कुणाचं होणार? अखेर बॉस्टनच्याच चमूनं आधीपासून यकृत बरं असलेल्या नवजातांत दोन्ही तेलं सारख्याच मात्रेत, 1 ग्रॅमनं, देऊन पाहिली. चाचणी मध्येच थांबवावी लागली. कारण काय, तर अपेक्षेपेक्षा फारच कमी बाळांना त्रास झाला! शंकेखोरांना आणखी काय हवं होतं?

तरी ज्यांचं पित्त आधीच साचलंय, अशा मुलांसाठी एफडीएनं जुलै 2018मध्ये ओमेगावेनला मान्यता दिली. तुलनेला सोयाबीनवर वाढलेल्या जुन्या रुग्णांच्या नोंदीच घेतल्या होत्या: 82 मुलं इकडची, 41 तिकडची. मोठ्यांसाठी मिश्र तेल दोन वर्षं आधीच तिथे मान्य झालं होतं. त्यात माशाचा वाटा 15 टक्के, बाकी सोयाबीन, ऑलिव्ह आणि मध्यम साखळीचं तेल. सोयाबीन त्यातूनही गेलेलं नाही, 30 टक्के आहेच.