स्कूटरच्या डिकीत काय असावे?

मयूर विहारहून नोएडा अथवा अक्षरधामच्या दिशेने स्कूटरने ये-जा करणाऱ्या नागरिकांनी ध्यानात ठेवावे की, अपघातानंतर रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे जवळच्या माणसाच्या हाती असतात. त्या वेळी उपयोगी पडणाऱ्या वस्तू सोबत बाळगाव्यात.

प्रथमोपचार : निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, हातमोजे, बोथट टोकाची कात्री. रक्तस्राव होत असल्यास गॉज जखमेवर घट्ट दाबून धरावे. ते भिजल्यास न काढता त्यावर दुसरे ठेवावे. हळद किंवा कॉफीपूड लावू नये. श्वासास अडथळा नसेल तर जखमीचे हेल्मेट काढू नये, मान हलवू नये. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.

अवजारे : पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, राखीव फ्यूज, पंक्चर काढण्याचा संच, टॉर्च, चमकपट्ट्यांचे जाकीट. दुरुस्तीपूर्वी वाहन रहदारीपासून दूर न्यावे.

ओळखपत्रक : नाव, रक्तगट, ॲलर्जी, नियमित औषधे व नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक. हे पत्रक खिशात ठेवावे. रुग्णालयात जाताना स्कूटर मागेच राहते.

उन्हाळ्यातील दक्षता : दिल्लीच्या उन्हात डिकी अतिशय तापते. तिच्यात औषधे, सॅनिटायझर किंवा बाटलीतील पेट्रोल ठेवू नये. गॉजची मुदत व चिकटपट्टी दर 6 महिन्यांनी तपासावी.

मदतीसाठी 112 क्रमांकावर संपर्क साधावा. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, 2019 अन्वये, जखमीस सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून निःसंकोचपणे थांबावे, मदत करावी.