ठिणगी आहे तर पाणी आहे : लहान पेट्रोल इंजिनाची निगा



लागण, बेणे, खताची मात्रा यांविषयी या अंकांतून आपण नेहमी वाचत असता. या वेळचा विषय थोडा वेगळा, पण उसाच्या मुळाशीच जाणारा आहे. नदीकाठी, कॅनॉलवर किंवा शेततळ्यावर पाणी उचलायला बऱ्याच सभासदांकडे दोन-तीन इंची पेट्रोल पंप आहे. लोडशेडिंगमध्ये वस्तीवर उजेड राहावा म्हणून कुणाकडे लहान जनरेटर आहे. यंत्रे दोन दिसली तरी दोघांचे इंजिन एकाच जातीचे असते.

उन्हाळ्यात मध्यम जमिनीतल्या उसाला साधारण आठ-दहा दिवसांनी पाळी लागते. पाळी चुकली की कांडी आखूड पडते आणि वजन घटते. अशा ऐन वेळी दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, पण इंजिन हूं की चूं करत नाही. मग मिस्त्रीची वाट बघण्यात दोन दिवस जातात. पुष्कळदा दोष असतो तो प्लगवरची काजळी किंवा शिळे पेट्रोल एवढाच. तो आपला आपल्याला काढता यावा, यासाठी हा लेख.

इंजिनाला काय लागते?

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण आणि दट्ट्याचा दाब. दट्ट्या मिश्रण आत ओढतो, दाबतो, ठिणगीने ते पेटते आणि शेवटी धूर बाहेर जातो. या चार कामांत इंजिनाचे दोन फेरे होतात. आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणून असे बरेच जनरेटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालतात. म्हणजे मिनिटाला १,५०० स्फोट, सेकंदाला पंचवीस. यातल्या थोड्या ठिणग्या जरी चुकल्या तरी इंजिन गचके खाते आणि पेट्रोल वाया जाते.

दोरीने सुरू होणाऱ्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधले लोहचुंबक कॉइलजवळून फिरते, त्यातून करंट तयार होतो. जुन्या इंजिनात पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते. नव्या इंजिनात पॉइंटचे काम इलेक्ट्रॉनिक भाग करतो.

इंजिन सुरू होत नाही, तर क्रमाने बघा

१) आधी सोपे बघावे. स्विच चालू आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? ऑइल पुरेसे आहे का? काही इंजिनांत ऑइल कमी झाले की ठिणगी आपोआप बंद होते. इंजिन बिघडलेले नसते, ते स्वतःला वाचवत असते.

२) प्लग काढून त्याचा रंग बघावा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर हवेचा फिल्टर तुंबला आहे किंवा चोक जास्त वापरला जातो. काळा तेलकट असेल तर सिलिंडरात ऑइल येते आहे, ते मिस्त्रीला दाखवावे. पांढरा फटक असेल तर इंजिन जास्त तापते आहे. प्लग पेट्रोलने ओला असेल तर कॉक व स्विच बंद करून, प्लग बाहेर ठेवूनच पाच-सहा वेळा दोरी ओढावी, प्लग कोरडा करून बसवावा.

३) प्लग तारेच्या ब्रशने साफ करून फिलर गेजने फट मोजावी. बहुतेक लहान इंजिनांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर फट लागते. तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा तोच प्रमाण मानावा.

४) आता ठिणगी तपासावी. सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्यावे. प्लग टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून लांब. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेटू शकते. टोपी रबरी भागाला धरावी, स्विच चालू करून दुसऱ्याने दोरी ओढावी. निळी, कडक ठिणगी म्हणजे ठीक. पिवळसर, मरतुकडी असेल किंवा पडतच नसेल तर नवा प्लग लावून बघावे.

५) नव्या प्लगनेही ठिणगी नसेल तर स्विचची वायर सोलून इंजिनाला टेकली आहे का ते बघावे. ती टेकली की ठिणगी मरते. जुन्या इंजिनात पुढचा संशय पॉइंटवर. त्यांची फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. पॉइंट साफ करूनही पुन्हा पुन्हा काळे पडत असतील तर कंडेन्सर बदलावा. मात्र पॉइंट बहुधा फ्लायव्हीलखाली असतात. ते पुलरनेच काढावे. हातोडा मारला तर शंभराच्या दुरुस्तीचे हजार होतात.

६) ठिणगी चांगली असून इंजिन उठत नसेल तर पेट्रोलकडे वळावे. दोरी ओढताना एका जागी हाताला जोर लागला पाहिजे. दोरी सैल सुटत असेल तर दाब गेला आहे. व्हॉल्व्ह किंवा रिंगचे ते काम मिस्त्रीचेच.

पेट्रोल आणि आपले इथेनॉल

२०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली. त्यात मका-तांदळाबरोबर उसाचाही मोठा वाटा आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात पंप चार महिने झाकून पडला की टाकीतले पेट्रोल दमट हवेतले पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसह ते तळाला बसते आणि कार्बोरेटर गंजतो. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या व वायसरही फुगतात किंवा चिरतात. म्हणून महिन्याभरापेक्षा जास्त काळ इंजिन ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून त्यातले पेट्रोलही काढावे. नळ्या दर हंगामाला हाताने दाबून तपासाव्यात.

कामाचे तास वहीत लिहा

ऊसनोंदीची तारीख आपण जपून ठेवतो, तशीच इंजिनाची एक वही ठेवावी.

- रोज : ऑइलची पातळी, गळती, सैल नट.
- पहिल्या २० तासांनंतर : नव्या इंजिनाचे ऑइल बदलणे. पुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते.
- दर ५० तासांनी : हवेचा फिल्टर साफ करणे. पाचटाच्या धुळीत चालत असेल तर त्याआधीच.
- दर १०० तासांनी : प्लग साफ करून फट तपासणे.

प्लग आधी हातानेच फिरवून बसवावा. मग नव्याला पान्याने अर्धा फेरा, जुन्याला पाव फेरा पुरे. काढलेले ऑइल पाटात किंवा विहिरीकडेला ओतू नये.

जिवाशी खेळ नको

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. घरात, गोठ्यात किंवा बंद पंपघरात इंजिन कधीही चालवू नये. पाऊस आला तरी ते घरात ओढू नये. खिडकी-दारापासून निदान २० फूट लांब ठेवावे. डोके दुखले, मळमळले, चक्कर आली तर ताबडतोब मोकळ्या हवेत येऊन दवाखाना गाठावा.

जनरेटरची वायर घरातल्या पिनमध्ये खोचून वीज उलटी सोडण्याचा प्रकार तर मुळीच करू नये. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन लाइनवर ११,००० व्होल्ट होऊ शकते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन हकनाक मरतो. परवानाधारक माणसाकडून चेंज-ओव्हर स्विच बसवून घ्यावा. गरम इंजिनात पेट्रोलही ओतू नये. आधी बंद करून निवू द्यावे.

पुढची पाळी येण्याआधी एवढे करावे : एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि फिलर गेज आणून ठेवावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घालून ऑइल बदलल्याची नोंद करावी. सगळा खर्च थोडाच होईल. वाचेल ते मात्र अख्ख्या फडाचे पाणी.

— ऊस विकास अधिकारी