ग्रॅव्हल सायकलिंगसाठी ट्रेल हवाय? आधी गावनकाशा बघा

देवगाव फाट्यावर (ता. सेलू) सायकल काढली की मागे ट्रकचा हॉर्न. शिवारात वळलं की पाणंद. ग्रॅव्हल सायकल अशाच कच्च्या वाटांसाठी असते: हँडल रेसिंग सायकलचं, टायर मात्र 35 ते 50 मिमी रुंद आणि हवा कमी.

वाट कशी शोधायची? गावनकाशावर दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायवाट. नकाशावरची पाणंद जागेवर असेलच असं नाही. अतिक्रमणांची तक्रार जुनीच आहे.

खरी अडचण काळी माती. पावसात ती फुगते, टायर आणि चिमट्याच्या मध्ये अडकून चाक जाम करते. तिथे महागडा टायरही हरतो. मुरूम नसेल तर दिवाळीनंतरच जा.

2021 ची मातोश्री पाणंद रस्ते योजना शेतमालासाठी आहे. ट्रॅक्टर, बैलगाडी आली की सायकल बाजूला घ्या.