खाडीवरचा धंदा: बार्ज नंतर घ्या, आधी माहिती वाचायला शिका

जलवाहतुकीवरचा व्हिडिओ बघून शेलार, काल्हेर, कोनगाव या भागातली तरुण मंडळी एकच प्रश्न विचारतायत: "सर, खाडीतून माल जाणार म्हणतात. आत्ताच पैसे टाकू का?" प्रश्न रास्त आहे. घरचं सोनं गहाण ठेवून किंवा कर्ज काढून जो धंद्यात उतरणार, त्याला सरळ उत्तर मिळायला हवं. म्हणून आज नीट समजून घेऊ.

आपल्या दारातला जलमार्ग

२०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यातला क्रमांक ५३ आपला: कल्याण-ठाणे-मुंबई, म्हणजे उल्हास नदी आणि वसईची खाडी, लांबी १४५ किलोमीटर. भिवंडीची कामवारी याच खाडीला मिळते. हे पाणी धंद्याला नवीन नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात इथूनच झाली.

पण कायद्यात नाव आलं म्हणजे उद्या माल हलला, असं नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, तिच्यात माणसं आणि गाड्या जातात. मालाच्या बार्ज बघायच्या तर रायगडात जा. अंबा नदीवर, धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जनं येतो. हा जलमार्ग क्रमांक १०.

खरा खेळ वेळेचा

पाण्यावरची वाहतूक स्वस्त का? सरकारी कागदांत नेहमी दिसणारा हिशोब असा: १ लिटर इंधनात १ टन माल रस्त्यानं २४ किलोमीटर जातो, रेल्वेनं ८५ आणि पाण्यानं १०५. मग सगळे पाण्यानं का नेत नाहीत? कारण पाणी आपल्या वेळेनं चालत नाही.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. ओहोटीला खाडीत २ मीटर पाणी आहे. भरलेली बार्ज २.८ मीटर बुडते, खाली अर्धा मीटर मोकळं हवं. म्हणजे ३.३ मीटर पाणी लागणार. भरतीचं निदान १.३ मीटर चढल्याशिवाय बार्ज हलणार नाही. तुमचा ट्रक शेलारहून निघाला आणि अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये २ तास अडकला, की ती भरती गेली. पुढची साधारण साडेबारा तासांनी. ट्रकचा उशीर २ तासांचा, मालाचा उशीर अर्ध्या दिवसाचा!

आपल्या कोळी बांधवांकडे याचं जुनं गणित आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. अंदाज उत्तम. पण अंदाजावर शेकडो टन माल सोडता येत नाही.

डिजिटल यंत्रणा काय करते?

गंगेवर, हल्दिया ते फरक्का या टप्प्यात, जानेवारी २०१६ मध्ये 'रिव्हर इन्फर्मेशन सर्व्हिस' सुरू झाली. सोप्या भाषेत, नदीचा ट्रॅफिक कंट्रोल रूम. ती चार प्रश्नांची उत्तरं देते:

१. जहाज कुठे आहे? जहाजावरचं एआयएस यंत्र आपला क्रमांक, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत पाठवतं. किनाऱ्यावरचे मनोरे ते पकडतात.

२. पाणी किती आहे? भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचं 'लॅडिस' पोर्टल निवडक जलमार्गांवर कोणत्या टप्प्यात किमान किती खोली आहे ते सांगतं. माल किती भरायचा हे त्यावर ठरतं.

३. समोरून कोण येतंय? अरुंद वळणावर किंवा पुलाखाली कोणी थांबायचं हे व्हीएचएफ रेडिओवर आधीच कळतं.

४. धक्का रिकामा आहे का? पोहोचायची वेळ आधी कळली की क्रेन, हमाल आणि ट्रक वेळेवर लावता येतात.

तुमचा धंदा कुठे?

आता सरळ उत्तर. छोट्या माणसानं आज बार्ज घेऊ नये. खात्रीचा माल नाही तोवर ती रिकामी उभी राहील आणि हप्ता मात्र दर महिन्याला येईल. तुमची जागा चौथ्या प्रश्नात आहे: धक्का ते गोडाऊन. वेळ सांगून ती पाळणारा ट्रकवाला, माल उतरवून ठेवणारा गोडाऊनवाला, कागद तयार ठेवणारा माणूस. जेट्टीला माल आला तर पहिला फोन यांनाच जाणार.

कागदावरून आठवलं. ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला १ दिवस असते. पण प्रवासात एक टप्पा जहाजाचा असेल तर दर २० किलोमीटरला १ दिवस मिळतो, आणि वाहन बदललं की भाग-ब अपडेट करावा लागतो. ज्याला हे पाठ आहे, त्याला व्यापारी शोधत येईल.

या आठवड्याचा गृहपाठ

जेट्टीची वाट न बघता आजच्या धंद्यात हेच चार प्रश्न लावा. एक वही किंवा शीट करा: गाडी कुठे, किती माल बसेल, वाटेत काय अडचण, उतरवायची जागा रिकामी कधी. सांगितलेली वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी लिहा. ३० दिवसांनी तुम्हाला तुमच्या धंद्याची भरती-ओहोटी दिसेल, आणि गिऱ्हाईकाला छातीठोकपणे वेळ सांगता येईल.

उद्या माल रस्त्यानं जावो की खाडीनं, ज्याची वेळ पक्की त्याचा शब्द पक्का. भेटू पुढच्या व्हिडिओत!