उजवीकडे कोण बसायचं?

बुलडाण्याच्या बस स्थानकावर अकरा वाजलेत. मे महिना. पंखा फिरतो, पण वारा खालच्या बाकापर्यंत पोचत नाही. मोताळ्याच्या गाडीची वाट पाहणारी माणसं सावली सरकेल तशी सरकतात. डोक्याला दुपट्टे, हातात बियाण्याच्या दुकानाच्या पिशव्या. बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजतात. चौकशीच्या खिडकीपुढे एक आजोबा तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारतात, आतून तिसऱ्यांदा तेच उत्तर येतं. येईल.

गाडी येते. ती थांबायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल आत पडतात, पिशव्या पडतात. एक लहान पोरगंही आत सरकवलं जातं. दाराशी रेटारेटी.

"रुमाल पाहा न माहा. जागा धरेल हाये."

"रुमालाचं तिकीट काढलं का?"

डबा हसतो. जागा शेवटी रुमालालाच मिळते. कंडक्टर आरडाओरडा करत मागं रेटतो. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना शून्य. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डं निघतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बुलडाण्यात बसलेली माणसं पुढच्या थांब्यावर चढणाऱ्यांकडे अशी पाहतात, जणू गाडी त्यांच्या घरची आहे. दख्खनचं राजकारण अडीचशे वर्षं याच नजरेवर चाललं.

गाव सुटतं आणि राजूर घाट सुरू होतो. पठाराची कड संपते. खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे जाणारा मुलूख पसरलेला दिसतो. नांगरून टाकलेली काळी शेतं, मधे निंबाची झाडं, लांबवर धुरकट ऊन. वळणावर सगळे एका बाजूला कलतात, पुढच्या वळणावर दुसऱ्या. खिडकीतून येणारी हवा दर वळणाला जास्त तापते. अजिंठ्याच्या रांगेची ही उत्तरेकडची कड. दौलताबादहून बऱ्हाणपूरकडे फौज न्यायची, तर ही कड कुठंतरी उतरावीच लागते. रोहिणखेड तशाच एका उताराच्या पायथ्याशी आहे.

१४३७ साली तिथून एक फौज उतरली. बिदरच्या बहमनी सुलतानाची. पुढे होता खलफ हसन बसरी, मूळचा व्यापारी, पदवी मलिक-उत-तुज्जार. समोर खानदेशचा नासिरखान फारूकी. भांडणाचं निमित्त घरगुती होतं. नासिरखानाची लेक सुलतानाला दिलेली, आणि सुलतानाने संगमेश्वरच्या राजाची मुलगी करून आणली. लेकीचा अपमान झाला म्हणून बाप वऱ्हाडात शिरला. वऱ्हाडातले दखनी सरदार त्याला जाऊन मिळाले. सुलतानाचा सुभेदार नरनाळ्यात कोंडला गेला.

दरबारात तेव्हा दोन तट होते. एक दखनी. त्यांचे आजे-पणजे मुहंमद तुघलकाच्या काळात दिल्लीकडून दौलताबादेत आलेले, शिवाय इथलेच धर्मांतर केलेले लोक. आफ्रिकेतून आलेले हबशीही याच तटात. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तानाकडून समुद्रमार्गे नव्याने आलेले. त्यांना परदेशी किंवा, त्याच अर्थाने, गरीबही म्हणत. १४३०च्या सुमारास मुंबईजवळच्या माहीम बेटावर गुजरातच्या फौजेपुढे याच खलफ हसनचा पराभव झाला होता. तेव्हापासून दोन्ही तट एकमेकांकडे बोट दाखवत होते.

म्हणून या खेपेला खलफ हसनने दखनी आणि हबशी पथकं सरहद्दी राखायला मागे ठेवली. आपल्या माणसांनिशी तो मेहकरवरून आला, आणि रोहिणखेडच्या घाटात जिंकला. बऱ्हाणपूर लुटलं. नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात शिरला आणि लवकरच वारला.

गाडी घाट उतरते. ब्रेकचा वास डब्यात भरतो. कुणीतरी पाण्याची बाटली मागे पाठवतं, ती चार हातांतून फिरून रिकामी परत येते.

मोताळ्याला गाडी बदलायची. इथला थांबा म्हणजे एक शेड आणि शेडपेक्षा मोठी झाडाची सावली. लोक झाडाखाली. वडापावची गाडी, कलिंगडाचा ढीग, त्यावर ओलं पोतं. रोहिणखेडची गाडी किती वाजता, या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर वेगळं. शेवटी काळीपिवळी येते. आठांच्या जागेत तेरा. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक जण अर्धा बाहेर बसलेला.

कोण कुठे बसायचं, हा प्रश्न बिदरलाही निघाला. विजय मिळवून खलफ हसन परतला, तेव्हा सुलतानाने दरबाराची जागावाटणी केली. सिंहासनाच्या उजव्या हाताला आफाकी. डाव्या हाताला दखनी आणि हबशी. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की त्या दिवसापासून सुरू झालेलं वैर आपल्या काळापर्यंत टिकून आहे. फिरिश्ता स्वतः अस्त्राबादेत जन्मलेला, म्हणजे आफाकी. त्याची लेखणी कुठल्या हाताला झुकते, ते लक्षात ठेवून वाचावं लागतं.

गाव येतं. उन्हाने रस्ता पांढरा पडलाय. पाराखाली चार म्हातारे, एक बकरी, एक बंद पडलेली मोटारसायकल. पुढे नळाच्या तोंडाशी भांड्यांची रांग. निळे ड्रम, पितळी हंडे, तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या. माणसं सावलीत आणि भांडी उन्हात. नंबर भांड्याचा. कुणी मधे घुसायला गेलं, की समोरच्या ओट्यावरून आवाज येतो. घुसणाऱ्या बाईच्या नावासकट, सासरच्या आडनावासकट.

"मावशी, मशीद कुठल्या बाजूनं?"

"जुनी का नवी?"

"जुनी. दगडाची."

"मंग असं सिद्धं जा. बोळीतून वर. कुनाच्या इथं आले तुमी?"

कुणाच्या इथं आले. गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न असतो, आणि उत्तरात एखादं तरी ओळखीचं नाव लागतं. नाव नसेल तर मशीद पाहायला आलो, एवढं पुरतं. मावशी मान हलवून पुन्हा ड्रमकडे पाहते.

बोळ चढते. कुडाच्या भिंती, सिमेंटच्या भिंती, मधे एखादा घडीव दगड कुणाच्या पायरीत बसलेला. पुढे निळी पाटी दिसते. संरक्षित स्मारक, नुकसान केल्यास शिक्षा, पुरातत्त्व खात्याच्या नेहमीच्या ओळी. आणि मग ती इमारत. घडीव दगड, कमानी, कोरीव नक्षी. गावाच्या मानाने फार देखणी. दगडाला हात लावला की चटका बसतो, कमानीच्या आत गेलं की तोच दगड थंड लागतो. पारवे एकदम उडतात आणि पुन्हा तिथंच बसतात.

ही मशीद १५८२ची. बांधणारा खुदावंदखान, महदवी पंथाचा. पंधराव्या शतकात जौनपूरच्या सय्यद मुहंमदने आपण महदी असल्याचं जाहीर केलं, त्याचे अनुयायी ते महदवी. अहमदनगरच्या निजामशाहीत दखनी आणि हबशी सरदारांत या पंथाचा जोर होता. आफाकी बहुतेक शिया. आधी तट होता मुलखाचा, त्यावर भाषेचा थर चढला, फारसी आणि दखनी. त्यावर रंगाचा. आता पंथाचाही.

मधल्या दीडशे वर्षांत बरंच घडलेलं. खलफ हसन कोकणात शिर्क्यांच्या मुलखात मारला गेला. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आले. दखनी सरदारांनी त्यांना फितूर ठरवलं, अभय देऊन मेजवानीला बोलावलं आणि कापून काढलं. पुढे महमूद गवान वजीर झाला. तो गिलानचा, म्हणजे आफाकीच, पण त्याने चार सुभ्यांचे आठ केले आणि दोन्ही तटांत तोलून वाटले. वऱ्हाडाचेही दोन झाले, गाविल आणि माहूर. पण सुभा तोडला की सुभेदाराची ताकद निम्मी होते. सरदारांनी गवानच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं. १४८१ साली सुलतानाने त्याचं डोकं उडवलं. वीस वर्षांच्या आत बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले, आणि तट प्रत्येक तुकड्यात जसेच्या तसे गेले.

कमानीत एक चाचा येऊन बसतात. हातात तसबी. आधी पाणी विचारतात, मग गाव.

"लढाई कुठं झाली म्हणतात?"

चाचा हाताने घाट दाखवतात. मग शेतं दाखवतात. मग सगळंच.

"हे सारंच. तवा काय कुंपन होतं?"

दुसऱ्या लढाईच्या वेळीही उन्हाळाच होता. १५९१. दोन वर्षांपूर्वी अहमदनगरात जमालखान या महदवी सरदाराने दखनी-हबशी तटाला घेऊन सत्ता हाती घेतली होती. शहरात आफाकींची कत्तल झाली. इस्माईल नावाचं पोर गादीवर बसवलं आणि महदवी पंथ राज्याचा पंथ झाला. या पोराचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. तो परत आला, खानदेशच्या राजा अलीखानाची फौज बरोबर घेऊन. बाप खालून, बऱ्हाणपूरकडून. पोराला घेऊन जमालखान वरून, घाटाकडून.

फिरिश्ता लिहितो की जमालखानाच्या माणसांचे आणि घोड्यांचे पाण्यावाचून हाल झाले. पाण्याची जागा विरोधकांनी आधीच धरलेली. इथं दुपारी एक वाजता उभं राहिलं की हे वाक्य पटायला दुसरा पुरावा लागत नाही. जमालखानाला गोळी लागली आणि लढाई संपली. पोर बापाच्या हाती सापडलं, बापाने ते कैदेत टाकलं. महदवी पंथ गेला, शिया पंथ पुन्हा आला. या वेळी कत्तल महदवींची.

पहिल्या खेपेला घाटावरून उतरलेला जिंकला, दुसऱ्या खेपेला खालून आलेला. दखनी तट दोन्ही वेळा हरला. आफाकी तटाला मात्र निवांत बसता आलं नाही.

टपरीवर चहा मिळतो. कपापेक्षा ग्लास गरम. बाकावर पाच जणांची जागा, सहावा आला की सगळे थोडं सरकतात. टीव्हीवर बातम्या चालू आहेत, आवाज बंद आहे. कुठल्याशा देशातल्या सरहद्दीचा नकाशा लाल होऊन पुन्हा पिवळा होतो.

समुद्रातल्या बेटांवर ही गोष्ट अजून ताजी आहे. सायप्रस १९६०मध्ये स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क, सरकारी नोकऱ्या ७० आणि ३० अशा वाटलेल्या. गवानने सुभे तोलले, तशीच ही तोलणी. ती तीन वर्षं टिकली. १९६३च्या डिसेंबरात एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. १९७४मध्ये तुर्की फौज उतरली आणि रेघ बेटभर लांबली, सुमारे १८० किलोमीटर. निकोसियातल्या लेड्रा स्ट्रीटवरचं नाकं २००८मध्ये उघडलं. तिथंही रांग असते. हातात पासपोर्ट किंवा ओळखपत्र, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत.

श्रीलंकेत तर आधी आला कोण आणि मागून आला कोण, याचाच कायदा झाला. १९४८मध्ये चहामळ्यांवरच्या भारतीय वंशाच्या लाखो तमिळ मजुरांना नागरिकत्व नाकारलं गेलं. १९५६मध्ये सिंहली एकटी राजभाषा झाली. उत्तरेतले तमिळ त्या बेटावर शेकडो वर्षांपासूनचे होते, त्यांनाही उपरं ठरायला वेळ लागला नाही. १९८३ला सुरू झालेलं युद्ध २००९च्या मेमध्ये संपलं.

दख्खन बेट नव्हतं. एका मुलखात राहून, एकाच सुलतानाचा पगार घेऊन, एकाच धर्माचं नाव सांगून हे दोन तट वेगळे राहिले. दखनी स्वतःला इथले म्हणवत, पण त्यांच्यातल्या कितीकांचे पूर्वज दिल्लीचे. हबशी समुद्रापलीकडचे, तरी इथल्यांत धरले गेले, कारण उजव्या हाताला त्यांना कुणी बसवलं नाही.

टपरीवाला पैसे घेत नाही. पाहुणे आहात म्हणतो. दुसऱ्यांदा दिल्यावर घेतो. नळाला पाणी आलंय. आता माणसं उन्हात आणि भांडी पुढे सरकतात. आवाज वाढतो. पहिला ड्रम भरतो, दुसऱ्याला पाइप लागतो. ओट्यावरची बाई नंबर पुकारते आणि तिचं सगळे ऐकतात.

काळीपिवळी मोताळ्याकडे निघते. तिथून मलकापूरची गाडी, मलकापूरहून रेल्वे. बऱ्हाणपूर उत्तरेला. याच दिशेने एक फौज गेली आणि एक आली. घाट मागे पडत जातो.

१५९१ला जिंकलेला बुऱ्हाण चार वर्षांत मेला. १५९५मध्ये अहमदनगरात गादीवर हक्क सांगणारे एकाहून अधिक होते, प्रत्येकामागे एक तट. दखनी तटाचा पुढारी मियाँ मंजू कोंडीत सापडला. आता विरोधात गेलेल्या हबशी सरदारांना शह द्यावा म्हणून त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला पत्र लिहून बोलावलं. पत्र पोचल्यावर त्याला पस्तावा झाला, पण मोगल निघाले होते. चांदबिबीने किल्ला लढवला, वाचवला, आणि १५९६च्या तहात मोगलांना वऱ्हाड द्यावं लागलं. दोन तटांच्या दोन लढाया झेललेलं रोहिणखेड तिसऱ्याच्या हाती गेलं, आणि या वेळी घाटात कुणीही लढायला आलं नाही. सहीच पुरली.